गाळाचे लेखाशीर्ष : कावेरीच्या मुखावरील लहान मासेमारी बंदरे

कुंभकोणम् हे समुद्रकाठचे शहर नव्हे. उत्तरेस कावेरी व दक्षिणेस तिचीच शाखा अरसलार, अशा दोन प्रवाहांमध्ये ते वसलेले आहे. ही अरसलार पुढे पूर्वेस वाहत जाऊन कारैकाल येथे समुद्रास मिळते आणि तिच्या मुखाशीच तेथील मासेमारी बंदर आहे. तंजावरच्या मराठी राज्याकडून १७३९ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यात गेलेले हे ठाणे आज पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. नदी एकच, पण तिच्या गाळाकडे वरच्या अंगास एका दृष्टीने पाहिले जाते आणि मुखाशी दुसऱ्या.

कुंभकोणम् परिसरातील शेतकऱ्यास गाळ नवा नाही. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी पुरेसा साठा असलेल्या वर्षी प्रथेप्रमाणे १२ जून रोजी सोडतात. तत्पूर्वी कालवे व पाट मोकळे व्हावे लागतात. हे काम पूर्वी गावकरीच करीत. त्या प्रथेचे नाव ‘कुडिमरामत्तु’, म्हणजे रयतेने करावयाची मरामत. मराठी वाचकास त्यातील उत्तरपद ओळखीचे वाटेल. १८५८ च्या मद्रास कायद्याने या श्रमास सक्तीचे रूप दिले आणि २०१७ मध्ये तमिळनाडू शासनाने ते नाव एका योजनेस देऊन तिचे पुनरुज्जीवन केले. गाळ पुन्हा येणारच, हे येथे गृहीत धरलेले असते.

मुखाशी प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. चोलमंडल किनाऱ्यावर नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात लाटा वाळू उत्तरेकडे वाहून नेतात, ईशान्य वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे. वर्षअखेर उत्तरेकडील पारडे जड ठरते. नदीस जोर असेल तर ती मुखाशी साचलेली वाळू पुढे लोटते. परंतु धरणे व बंधारे पाणी वरच अडवितात, उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होतो आणि मुखात वाळूचा दांडा तयार होतो. दगडी लाटरोधक बांध घातल्याने वाळू नाहीशी होत नाही. ती बांधाच्या एका अंगास साचते आणि दुसऱ्या अंगास किनारा खचू लागतो. उथळ मुखातून शिरणारी यांत्रिक नौका दांड्यावर आपटते, क्वचित लाटेने उलटतेही. भरतीची वाट पाहत बाहेर थांबावे, तर बर्फ वितळतो आणि लिलावात भाव उतरतो. सातपाटीच्या खाडीतील मच्छीमारांस हे वर्णन परके वाटणार नाही.

आता पैशाची बाजू. राज्यघटनेनुसार मासेमारी हा राज्यसूचीतील विषय असून प्रादेशिक जलांपलीकडील मासेमारी तेवढी संघसूचीत आहे. तथापि बंदर बांधण्याचा खर्च राज्यांस एकट्याने पेलणारा नसल्याने १९६४ पासून केंद्राने त्यासाठी सहाय्य देण्यास प्रारंभ केला. बंदरांच्या जागांची पूर्वपाहणी करण्यासाठी १९६८ मध्ये बंगळूर येथे स्वतंत्र कार्यालयही निघाले. २०१८-१९ मध्ये ७,५२२ कोटी ४८ लाख रुपयांचा मत्स्यव्यवसाय पायाभूत सुविधा निधी जाहीर झाला. तो मुख्यतः कर्जरूप असून केंद्राचा वाटा व्याजातील तीन टक्क्यांपर्यंतच्या सवलतीचा आहे. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण राज्यांसाठी ६० व ४० असे प्रमाण ठरले, केंद्रशासित प्रदेशांसाठी मात्र संपूर्ण भार केंद्राचा. याच योजनेखाली कारैकाल, दीवमधील वणाकबारा व गुजरातेतील जखाऊ या तीन बंदरांच्या आधुनिकीकरणास एकूण ३६९ कोटी ८० लाख रुपये मंजूर झाले. कारैकालच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर नागपट्टिणम् आहे. तेथे लागणारी वाळू तीच. परंतु ते तमिळनाडूत असल्यामुळे त्याचा हिशेब निराळा.

ही सारी सहाय्ये प्रामुख्याने बांधकामाची आहेत. धक्का, लिलावगृह, बर्फाचा कारखाना यांना एकदाच पैसा लागतो आणि ती डोळ्यांस दिसतात. पाण्याची खोली दिसत नाही. नौकांची व लिलावगृहाची शुल्के दिवाबत्ती व साफसफाईस पुरतील, ड्रेजरच्या भाड्यास नव्हेत. गाळ उपसण्यास अनुदान मिळतेच नाही असे नाही. परंतु प्रत्येक वेळी नवा प्रकल्प असल्याप्रमाणे त्याचे अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा असा प्रवास करावा लागतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नागपट्टिणम् उद्ध्वस्त केले, तेव्हा पुनर्बांधणीसाठी देशातून व परदेशांतून पैसा आला, आणि तो यावयासच हवा होता. बोटबोटभर चढणारा गाळ मात्र आपत्तीच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. नौकांची ये-जा थांबलेली असल्याने मुख उपसण्यास याहून सोयीचा काळ नाही. मेट्टूरचे दरवाजे उघडण्याची तिथी १२ जून, नौका समुद्रात जाण्याची १५ जून. तीनच दिवसांचे अंतर. वरच्या पाटांचे काम पहिल्या तिथीपूर्वी उरकावयाचे असते, म्हणून त्याची मंजुरीही उन्हाळ्यातच मिळवावी लागते. मुखाच्या कामाची निविदा जुलैत निघाली, तर ड्रेजरला परतणाऱ्या नौकांच्या गर्दीतूनच वाट काढीत काम करावे लागते आणि मुख्य हंगाम उथळ पाण्यातच निघून जातो.