मॉगर सहा, फुंडिन पाच, तरी फुंडिनच

जुनी जावा दुरुस्तीला आली की मालक पहिली तक्रार ब्रेकची करतो. मी त्याला म्हणतो, साहेब, जावानं अशाही गाड्या केल्यात ज्यांना ब्रेकच नसतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा काम टाळायला बघतोय. पण गोष्ट खरी आहे. चेकोस्लोव्हाकियात दिविशोव्ह गावी एसो नावाचा कारखाना होता, तो स्पीडवेच्या शर्यतीच्या बिनब्रेकच्या गाड्या करायचा. 1964 मध्ये तो जावात मिसळला आणि त्या गाड्यांवरही जावाचं नाव आलं.

म्हैसूरहून आपल्याकडे आलेली जावा 250 सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सरची. किक मारायची, दांडा पुढं पाडायचा, तोच गिअर. स्पीडवेची जावा वेगळीच चीज. एका सिलिंडरचं 500 सीसी फोर-स्ट्रोक इंजिन, गिअर एकच, वजन ऐंशी किलोच्या आसपास आणि टाकीत पेट्रोलऐवजी मिथेनॉल. मिथेनॉलशी साधं खनिज तेल जमत नाही, म्हणून इंजिनात एरंडेलाचं तेल घालायचे. आपण पोट साफ करायला घेतो तेच, जरा शुद्ध केलेलं.

आता शर्यत. आपल्या सोलापूरच्या पार्क स्टेडियममध्ये क्रिकेटच्या बाउंड्रीभोवती जेवढी फेरी होईल, साधारण तेवढा मातीचा ट्रॅक. चार जण, चार फेऱ्या, एक मिनिटभराचा खेळ. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला भोपळा. वळणं सगळी डावीकडंच. सोलापूरकरांना गड्ड्याच्या जत्रेतला मौत का कुआँ माहीत आहे. तिथं पोराची सगळी करामत चाक भिंतीला चिकटून राहण्यात असते. इथं उलट. चाक सुटलंच पाहिजे. वळण आलं की स्वार मागचं चाक मुद्दाम घसरवतो, पुढचं चाक उजवीकडं फिरवतो आणि डाव्या बुटाला बांधलेली लोखंडी पट्टी मातीवर टेकवत आडवा निघतो. वेग कमी करायचा तर तो त्या घसरण्यातूनच. माझ्या लेखी गाडी चालवण्याची याहून अवघड रीत नाही.

यातला सगळ्यात मोठा कोण? जुन्या इंग्रजी मासिकांच्या रद्दीतून मला या खेळाचा नाद लागला, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. आता पोरगा फोनवर जुने व्हिडिओ लावून देतो आणि आम्ही भांडतो.

आकड्यांवर जायचं तर न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर. सहा वेळा जगज्जेता: 1968, 69, 70, 72, 77 आणि 79. लागोपाठ तीन जिंकल्यावर अमेरिकेतल्या दोघा चाहत्यांनी त्याची गाडी सोन्यानं मढवून दिली, ती पुढं क्राइस्टचर्चच्या संग्रहालयात गेली. हा गडी 1957 मध्ये कोवळ्या वयात इंग्लंडला गेला, जमलं नाही, घरी परतला. 1963 मध्ये न्यूकासलच्या संघाकडून पुन्हा आला, तो तयारीनं. शेवटचं अजिंक्यपद पोलंडमध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. गंमत अशी की रॉनी मूर (दोनदा), बॅरी ब्रिग्ज (चारदा) आणि मॉगर हे तिघंही क्राइस्टचर्चचेच. एका गावात बारा अजिंक्यपदं!

माझा पोरगा टोनी रिकार्डसनच्या बाजूचा. स्वीडनचा, त्याचीही सहा: 1994, 98, 99, 2001, 2002, 2005. पण या दोन सहांची तुलना सरळ होत नाही. 1994 पर्यंत, एखादा अपवाद सोडला तर, जगज्जेता एकाच संध्याकाळी ठरायचा. सोळा स्वार, वीस शर्यती, प्रत्येकाच्या वाट्याला पाच, आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा भिडणार. जत्रेतली निकाली कुस्तीच ती. साखळी तुटली, आत ठिणगी पडली नाही, की वर्ष गेलं. 1995 पासून ग्रां प्रीची मालिका सुरू झाली, वर्षभरातल्या फेऱ्यांचे गुण मिळवून निकाल. त्यात एक वाईट दिवस खपतो, पण सातत्य लागतं. रिकार्डसननं जुन्या पद्धतीतलं शेवटचं पद घेतलं आणि नव्या पद्धतीतली पाच. पोराचा मुद्दा हाच, आणि तो बिनतोड आहे हे मला मान्य करावं लागतं.

डेन्मार्कचे हान्स निल्सन आणि एरिक गुंडरसन यांचं प्रकरण वेगळंच. 1985 मध्ये तिघांचे गुण सारखे, जादा शर्यत झाली, गुंडरसन जिंकला, निल्सन राहिला. 1988 मध्ये पुन्हा दोघांची बरोबरी, पुन्हा जादा शर्यत, पुन्हा गुंडरसन. म्हणजे निल्सनच्या नावावर चार आहेत, ते दोन मिनिटांच्या फरकानं सहा झाले असते. 1989 मध्ये निल्सननं बाजी मारली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रॅडफर्डच्या सांघिक फायनलमध्ये गुंडरसनला जबर अपघात झाला. जीव वाचला, शर्यत सुटली. पुढं तो डेन्मार्कच्या संघाचा व्यवस्थापक झाला.

तरी माझं मत ओव्हे फुंडिनला. स्वीडनचा, तांबड्या केसांचा, पाच वेळा जगज्जेता: 1956, 60, 61, 63, 67. मॉगरपेक्षा एक कमी, हे मी मोजतो. पण 1956 ते 1965 अशी दहा वर्षं ओळीनं हा माणूस पहिल्या तिघांत आहे, आणि तेही एका संध्याकाळच्या फायनलमध्ये, जिथं साखळीची एक कडी सगळं घालवते. मेकॅनिक म्हणून मला यात गाडी दिसतेच, पण पन्नाशीच्या दशकात बहुतेकांच्या गाडीत जॅप या एकाच कंपनीचं इंजिन असायचं. यंत्र सारखं असलं की हात कळतो. आणि समोर कोण? ब्रिग्ज, मूर आणि इंग्लंडचा छोटासा पीटर क्रेव्हन, जो 1963 मध्ये एडिंबराला पडलेल्या स्वाराला चुकवताना कठड्यावर आदळला आणि एकोणतिसाव्या वर्षी गेला.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या लीगमध्ये फुंडिन धरून हे चौघं आणि स्वीडनचा ब्योर्न क्नुटसन इतके वरचढ झाले की सामन्यात रंगत राहीना. तेव्हा आयोजकांनी नियमच केला: या पाच जणांनी बाकीच्यांच्या वीस यार्ड मागून सुटायचं. मालिकेचा हिशेब मांडून पोरगा रिकार्डसनचं नाव पुढं करतो, तेव्हा मी त्याला हे वीस यार्ड सांगतो. तो म्हणतो, रिकार्डसनही मागून सुटून जिंकला असता. असेल बुवा. पण त्याला तसं सोडायची वेळ कुणावर आली नव्हती.