समुद्राचा वारा कुणाचा?

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. पण ते पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. हे शिकवताना विद्यार्थी मला विचारतात, "सर, पाण्याचे समजते. पण समुद्रावर फिरण्यासाठी कसला लढा?" याचे उत्तर केप टाऊनमध्ये सापडते.

केप टाऊन ही दक्षिण आफ्रिकेची संसदीय राजधानी. तिथे सी पॉइंट भागात अटलांटिक महासागराच्या कडेने फिरण्याचा लांब रस्ता आहे. शेजारी हिरवळ, बाकडी, मुलांचे झोपाळे.

महाडात कायदा बाजूने होता, रूढी आडवी आली. इथे कायदाच आडवा घातला गेला. याच शहराच्या रेल्वे स्टेशनात लुसू नावाचा काळा माणूस गोऱ्यांच्या प्रतीक्षालयात शिरला. सोयी समान नसल्याने तो गुन्हेगार ठरत नाही, असे १९५३ साली वरिष्ठ न्यायालयाने म्हटले. संसदेने त्याच वर्षी कायदा केला: सोयी वेगळ्या असतील आणि त्या समान असण्याची गरज नाही! १९६० साली समुद्रकिनाराही त्यात ओढला. 'फक्त गोऱ्यांसाठी' या पाटीपलीकडे काळी बाई जाऊ शके, पण गोऱ्याचे मूल सांभाळणारी आया म्हणून. म्हणजे श्रमाला प्रवेश होता, विसाव्याला नव्हता. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. 'फिरायला जाणे' हे शब्द माझ्या आईवडिलांच्या बोलण्यात कधी आलेच नाहीत. म्हणून हा भेद मला नीट कळतो.

ऑगस्ट १९८९ मध्ये डेस्मंड टुटूंसह लोक केप टाऊनजवळच्या गोऱ्यांच्या किनाऱ्यांवर चालून गेले. ऑक्टोबर १९९० मध्ये कायदा रद्द झाला, पाट्या निघाल्या.

पण १९५० च्या वस्तीविभागणी कायद्याने केलेली उठाउठ तशीच राहिली. सी पॉइंटच्या ट्रामवे रोडवरची 'कलर्ड' कुटुंबे १९६० च्या सुमारास तिथून हुसकली गेली. काळ्यांची मोठी वस्ती खायलित्शा आजही समुद्रकाठच्या या रस्त्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिथल्या मोलकरणीला सी पॉइंट रोज दिसतो, तो कामाच्या वाटेवर.

तेव्हा आपल्या गावचा नकाशा काढा. बाग कुठे, वस्ती कुठे, मधे बस किती वाजेपर्यंत, हे त्यावर मांडा. पाटी नसलेली बंदी अशीच मोजावी लागते.