पहाटेची कळसूबाई

अकोले आणि इगतपुरी या दोन तालुक्यांच्या, पर्यायाने अहिल्यानगर आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या सरहद्दीवर सह्याद्रीची जी रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे, तीतच १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंचीचे कळसूबाईचे शिखर असून, महाराष्ट्राच्या मुलखात त्याहून उंच जागा दुसरी नाही. एवढी माहिती शाळेच्या भूगोलात प्रत्येकाने पाठ केलेली असते. परंतु या शिखरावर जावयाचे तर कोणत्या प्रहरी जावे, याविषयी भूगोलाचे पुस्तक मौन पाळते, आणि खरे मर्म नेमके तेथेच आहे.

बारी गावातून निघणारी वाट साधारण आठ-नऊशे मीटर चढवते आणि बेताच्या चालीच्या माणसास तीन तास पुरतात. हिवाळ्यात, सूर्य सातच्या सुमारास उगवतो तेव्हा, साडेतीनला गाव सोडलेले बरे. डोंगराचा बराचसा भाग उघडा, सावलीचे झाड विरळ, त्यामुळे नऊनंतरचा चढ म्हणजे निव्वळ शिक्षा, हे कारण तर उघडच आहे. त्याहून सूक्ष्म कारण हवेचे. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकून देते, तिच्या लगतची हवा थंड व जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोऱ्यात साचून राहते. परिणामी बारीत कुडकुडत निघालेला माणूस अर्ध्या चढावर पोहोचतो तो त्याला वारा ऊबदार वाटू लागतो, आणि उंचीबरोबर थंडी वाढते हा शालेय नियम पहाटेपुरता तरी उलटा झाल्याचे आढळते. खोऱ्यातले धुके त्याच साचलेल्या हवेत धरलेले असते, म्हणून वरून पाहणाऱ्यास ते पायाखाली दिसते.

अंधाराचे भय बाळगणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मानवी डोळ्यास काळोखाशी पुरते जुळवून घ्यावयास वीस-तीस मिनिटे लागतात, आणि मागच्या गड्याने विजेरीचा झोत एकदा तोंडावर मारला की ती सर्व कमाई क्षणात बुडते. विजेरी पायांपुरती, खाली रोखलेली असावी. शिड्यांपाशी मात्र प्रकाश हवाच. उभ्या कातळाला लावलेल्या या लोखंडी शिड्या पहाटे दवाने ओल्या व इतक्या गार असतात की हातमोजा नसेल तर बोटे बधिर होऊन पकडीचा अंदाज चुकतो; आणि मधल्या पायऱ्या असंख्य तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या असल्याने पाऊल टाचेवर नव्हे, तर पुढच्या भागावर, आडवे न घसरेल असे रोवावे लागते. शिडीवर एका वेळी थोडीच माणसे घ्यावीत, हे सांगण्याची गरज पडू नये. पण शनिवार-रविवारची झुंबड पाहिली म्हणजे ती पडते.

शिड्यांची ही सोय गिर्यारोहकांसाठी झाली, अशी कित्येकांची समजूत असते. वस्तुतः माथ्यावरील कळसूबाई देवीच्या छोट्या मंदिरात नवरात्रात जी यात्रा भरते, तीतल्या आबालवृद्धांस तो कातळ निर्विघ्न चढता यावा, हाच त्यामागील हेतू. देवीची कथाही ऐकण्यासारखी आहे. कळसू नावाची कोळ्यांची मुलगी पाटलाच्या घरी कामास राहिली ती, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, अशा अटीवर. पुढे पाहुण्यांच्या गर्दीत तिला तीच कामे करावयास लावली, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली ती कायमची. जेथे तिने भांडी घासली ते थाळेमेळ आणि केर काढला तो काळदरा, अशी ठिकाणेही लोक दाखवतात. कराराच्या भंगावरून रुसलेल्या एका मजुरणीस राज्यातले सर्वोच्च स्थान मिळाले, असा या कथेचा अर्थ कोणी लावला तर तो मला तरी अमान्य नाही.

सूर्योदयापूर्वी सुमारे पाऊण-सव्वा तास आकाशाचा काळा रंग पूर्वेकडून फिका होऊ लागतो. शेवटची वीस-बावीस मिनिटे तर विजेरीवाचूनही वाट दिसते. या अवधीत माथा गाठावा. उंचीमुळे क्षितिज खाली झुकलेले असते आणि पठारावरील गावांपेक्षा येथे सूर्यबिंब दोन-चार मिनिटे आधी दिसते. सारे लोक तेव्हा पूर्वेकडे तोंड करून, हातात कॅमेरे धरून उभे असतात. पण सूर्य कोठूनही उगवताना दिसतो, हे लक्षात घेऊन शहाण्याने त्याच क्षणी त्याला पाठ द्यावी. हवेत थोडे धूसर असेल तर पश्चिमेस, इगतपुरीच्या बाजूच्या आकाशात, कळसूबाईची सावली एक प्रचंड निळसर त्रिकोण होऊन पसरलेली दिसते. शिखराचा आकार कसाही असो, सावली त्रिकोणीच दिसते. कारण मैलोगणती लांबलेल्या तिच्या दोन्ही कडा, घोटीजवळचे रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र येताना भासावेत, तशा टोकाशी मिळताना भासतात. सूर्य वर चढतो तसा तो त्रिकोण पायथ्याकडे आखडत येतो आणि अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले उजेडात स्पष्ट होतात. दक्षिणेकडे प्रवरेवर १९२६ मध्ये पुरे झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी, त्यामागे रतनगड, आणि स्वच्छ दिवशी हरिश्चंद्रगड.

या अवघ्या मुलखाचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. समोरच्या डोंगरांवर आडव्या रेघा दिसतात त्या याच थरांच्या कडा. कडक थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्यावर पठार व गवत येते, म्हणूनच चढताना सपाटी आणि खडी चढण आळीपाळीने भेटतात.

शिखराखाली विहीर आहे, तरी पाणी बरोबर न्यावे. माथ्यालगत बारीची माणसे चहा, लिंबू सरबत विकतात. ते सारे सामान डोक्यावरून शिड्या चढून आलेले असते, हे विसरून दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ मला नेहमीच अरसिक वाटला आहे. परतताना शिडीवर तोंड कातळाकडेच ठेवावे आणि आठच्या आत पहिली उतरण संपवावी, नाहीतर वर येणाऱ्यांची रीघ लागून तासभर खोळंबा होतो. बारीत पिठलं-भाकरी सांगून ठेवायची असेल, तर आदल्या रात्रीच सांगावी.