खापर दाखवा, पण विकू नका. पांढरी राखा, शेतात टाकू नका

पऱ्हाट्या निघाल्या, रब्बी उरकली की आपल्याकडे माती वाहायचे दिवस येतात. ट्रॅक्टर मोकळा असतो, मजूरही मिळतो. मग गावात कुणीतरी म्हणतो, "चला, यंदा पांढरीच्या चार ट्रॉल्या टाकू वावरात, पीक असं हिरवंगार येतं!" आणि गावालगतच्या जुन्या टेकाडाला जेसीबी लागतो. त्या मातीबरोबर खापरं, हाडं, राख, मणी असं सगळं वावरात पसरतं. शेतकरी बंधूंनो, हेच खापर बघायला दुसरीकडे लोक पदरचे पैसे खर्चून येतात. तेव्हा पुढची ट्रॉली भरण्याआधी हा लेख जरूर वाचा.

पांढरीची माती सुपीक का?

आपल्या बोलण्यात शेताची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली म्हणजे चुलीची राख, गुरांचं शेण, हाडं, पडक्या मातीच्या भिंती हे सगळं तिथेच साठत जातं. त्यामुळे या मातीत स्फुरद आणि चुना जास्त असतो. पीक जोमात दिसतं ते त्यामुळे. इथपर्यंत अनुभव खरा आहे.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. तापी-गिरणेकाठच्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी आधीच भरपूर आहे. तिथे आणखी चुना आणि राख पडली की जमिनीचा सामू वाढतो, लोह आणि जस्त पिकाला नीट मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. म्हणजे दोन हंगाम फायदा आणि पुढे औषधांचा खर्च, असंही होऊ शकतं. माती परीक्षण केल्याशिवाय बाहेरची कोणतीच माती वावरात टाकू नये, हा साधा नियम आहे.

आपल्या खानदेशचं खापर

आता खापराकडे वळू. खानदेशच्या मातीनं देशाच्या इतिहासाला काय दिलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ गाव आहे. तिथल्या पांढरीत १९५२-५३ आणि १९५६-५७ साली पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होतं. तिथे १९५४-५५ साली बा. कृ. थापर यांनी खोदकाम केलं. दोन्ही ठिकाणी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्या मिळाल्या. तापीकाठच्या सावळदा गावाचं नाव तर एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं आहे. 'सावळदा संस्कृती' म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती. तिच्या मडक्यांवर मासे, जनावरं, हत्यारं रंगवलेली आढळतात. साक्री तालुक्यातल्या कवठे इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं केलेल्या उत्खननात याच काळातल्या लोकांची घरं मिळाली. घरं कसली, जमिनीत खोदलेले खड्डे आणि वरून छप्पर!

त्यानंतरची 'जोर्वे' भांडी. हे नाव संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडलं. चाकावर घडवलेली, नीट भाजलेली तांबडी भांडी आणि त्यावर काळ्या रंगाच्या रेघांची नक्षी. तोटीचं भांडं ही त्यांची खास ओळख. भाजणी इतकी पक्की की तुकडा वाजवला तर खणकन आवाज येतो. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचं हे काम आहे!

खापर जागेवर असेल तरच उपयोगी

कुणी म्हणेल, खापर मोलाचं असेल तर उचलून घरी ठेवतो, म्हणजे झालं. पण तसं होत नाही. पांढरीत थरावर थर असतात. खालचा थर जुना, वरचा नवा. कोणतं खापर कोणत्या थरात, कोणत्या धान्याशेजारी, कोणत्या चुलीजवळ सापडलं, यावरून त्याचा काळ ठरतो. जेसीबीनं एकदा थर मिसळले की खापर हातात राहतं, पण त्याची माहिती गेली ती गेलीच. आपल्या सात-बाऱ्यावरचा गट नंबर खोडला तर जे होईल, तसंच हे.

याचं उदाहरण जवळचंच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद इथे १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला काशाच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या. त्यात बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा आहे. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. देशभर त्यांची ख्याती झाली. पण त्या शास्त्रीय उत्खननात, थरातून मिळालेल्या नसल्यानं त्या नक्की किती जुन्या, यावर जाणकारांत अजून वाद आहे.

उलट पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं बघा. तिथे १९६८ ते १९८३ अशी अनेक वर्षं धीरानं खोदकाम झालं. त्यातून तिथले लोक जव, गहू, कडधान्य घेत होते, पाण्यासाठी त्यांनी पाट काढला होता, आणि पुढे पाऊसमान बिघडल्यावर शेती खालावली, हे कळलं. दुष्काळाशी झगडणारे आपण पहिले नाही, हे त्या पांढरीनं सांगितलं. आपल्या गावाची पांढरी काय सांगेल, ते ती शाबूत राहिली तरच कळेल.

हौशी संग्राहक काय करतात?

शहरात आणि परदेशात मातीच्या भांड्यांचे हौशी संग्राहक आहेत. ते शनिवार-रविवार जमतात, संग्रहालयं आणि कारागिरांच्या कार्यशाळा बघतात, जाणकारांची भाषणं ऐकतात आणि शेवटी संग्रहालयासाठी निधी गोळा करतात. आपल्या देशातही २०१८ साली जयपूरला आणि २०२४ साली दिल्लीला भारतीय मृत्कलेची मोठी प्रदर्शनं भरली.

या हौसेचा एक धागा आपल्याही दारातून जातो. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत १८७० च्या सुमारास मातीकामाचा विभाग निघाला. आपल्याला इतक्या जवळ असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं तिथल्या फुलदाण्या-रांजणांवर उतरवली गेली. ती भांडी विलायतेला गेली आणि आज संग्राहक ती शोधत असतात. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती बघायला मिळतात.

मात्र पुरातन वस्तूंचा धंदा ही वेगळी गोष्ट आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. जमिनीत दडलेलं मोलाचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तेव्हा "मणी द्या, पैसे घ्या" म्हणत कुणी गावात फिरत असेल, तर आधी तलाठी आणि पोलीस पाटलांना सांगा.

आपल्या गावातही दोन दिवस करता येतील

मग आपण काय करावं? खापर विकण्याऐवजी दाखवावं. आखाजीच्या आधीचा एखादा शनिवार-रविवार त्यासाठी सोयीचा. तेव्हा वावरं मोकळी असतात आणि पितरांच्या घागरींसाठी कुंभाराचं चाकही जोरात फिरत असतं. खर्च फारसा नाही. आखणी अशी करता येईल :

१) शनिवारी सकाळी शाळेची मुलं आणि तरुण मंडळींना धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात न्यावं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या स्मरणार्थ निघालेल्या या संस्थेचं स्वतःचं संग्रहालय आहे. भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी.

२) संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांचं तासभर भाषण ठेवावं. गावातल्या म्हाताऱ्या मंडळींनाही बोलतं करावं. जुनी वस्ती कुठे होती, पूर कुठवर यायचा, हे त्यांना माहीत असतं.

३) रविवारी सकाळी पांढरीवर फेरी काढावी. फक्त बघायचं, फोटो काढायचे, काही उचलायचं नाही. मग कुंभारदादांच्या घरी माती मळण्यापासून भट्टीपर्यंतचं काम बघावं.

४) दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, कुपन लावून. खापरावर मांडे करणाऱ्या आपल्या माय-बहिणींना त्याची मजुरी रोख द्यावी. पाहुण्यांना भांडी घ्यायची असतील तर ती कुंभाराकडची नवी घ्यावीत. त्यात त्याचाही संसार चालतो.

५) जमलेला निधी ग्रामपंचायतीच्या पावतीवरच घ्यावा आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्यातून पांढरीच्या हद्दीला दगड आणि एक फलक लावावा. पैसे उरले तर शाळेत काचेचं कपाट करून त्यात कुंभाराच्या आजच्या भांड्यांचे नमुने ठेवावेत.

मातीची गरज कशी भागवायची?

जमीन सुधारायची गरज खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पण त्याला पर्याय आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ पासून ती पुन्हा राबवली गेली. धरण-तलावातला गाळ शेतात टाकला की हलक्या, मुरमाड जमिनीत ओल टिकते आणि तलावाची साठवणही वाढते. गाळाचाही नमुना आधी तपासून घ्यावा. भारी काळ्या जमिनीत गाळ टाकू नये, तिथे शेणखत आणि हिरवळीचं खत बरं.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना विनंती आहे की पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्यावेत. एक, गावची पांढरी कुणी खोदणार नाही आणि तिथली माती वाहायला ग्रामपंचायत ना-हरकत देणार नाही. दुसरा, गाळासाठी गावाची मागणी वेळेत नोंदवायची. विहीर किंवा शेततळं खोदताना खापरांचा थर लागला तर काम थोडं थांबवावं, जागेचा फोटो काढावा आणि तहसील कार्यालयाला कळवावं. गाळ दरवर्षी साचतो. पांढरी एकदा वावरात पसरली की परत गोळा होत नाही.