मॅक की विंडोज : जुन्या समजुती आणि आजची वस्तुस्थिती

‘मॅकला व्हायरस लागत नाही.’ लॅपटॉपच्या दुकानात, कॉलेजच्या कट्ट्यावर आणि घरातल्या जाणकार भाच्याकडून हे वाक्य आजही तितक्याच खात्रीने ऐकू येते. ते खरे नाही. 2012 मध्ये ‘फ्लॅशबॅक’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातल्या सहा लाखांहून अधिक मॅकमध्ये शिरकाव केला होता. जावा या सॉफ्टवेअरमधल्या एका फटीचा तो फायदा घेई. बाधित संकेतस्थळ नुसते उघडले तरी पुरे. ही फट बुजवणारी दुरुस्ती जावा बनवणाऱ्या ओरॅकलने फेब्रुवारीत दिली होती, पण मॅकसाठीची दुरुस्ती ॲपलने एप्रिलमध्ये आणली. हा उशीर लाखो लोकांना भोवला. मॅकला पीसीचे व्हायरस लागत नाहीत हे जाहिरातीतले विधान ॲपलने त्याच वर्षी मागे घेतले.

मग ही समजूत आली कुठून? तिला एकेकाळी आधार होता. विंडोज वापरणारे कितीतरी पटींनी जास्त, म्हणून हल्लेखोरांचा डोळाही तिथेच. शिवाय विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक जण संगणकाचे सर्वाधिकार असलेल्या खात्यातूनच रोजचे काम करत; त्यामुळे चुकून उघडलेल्या फाइललाही सगळी दारे मोकळी मिळत. आता चित्र बदलले आहे. विंडोजमध्ये डिफेंडर आणि मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट ही संरक्षणे मुळातच असतात. मात्र केवायसीच्या नावाखाली आलेली खोटी लिंक उघडून कुणी पासवर्ड भरला, तर समोर कोणता संगणक आहे याने काहीच फरक पडत नाही.

दुसरा गैरसमज : पीसी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा संगणक. खरे तर आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये आणलेला पहिला पीसी बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून जोडलेला होता. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आयबीएमची स्वतःची म्हणावी अशी कळीची गोष्ट बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, हीच होती, आणि तिच्यासारखेच काम करणारा बायोस कॉम्पॅकने कायदा न मोडता स्वतंत्रपणे लिहून घेतला. तिथून नकलांचा पूर आला. म्हणूनच आज डेल, एचपी, लेनोवो अशा अनेक कंपन्या विंडोजचे संगणक विकतात, तर मॅकचे यंत्र आणि कार्यप्रणाली दोन्ही एकट्या ॲपलच्या हातात असतात. दोहोंतले बहुतेक खरे फरक इथूनच निघतात. विंडोजकडे किमतीची आणि प्रकारांची मुबलकता आहे, पण दर्जा कंपनीगणिक बदलतो. मॅकमध्ये सगळे एकमेकांशी जुळवून केलेले असते, पण ग्राहकाला निवड थोडी.

‘खिडक्या आणि माउस ॲपलने शोधले, मायक्रोसॉफ्टने चोरले’ ही कहाणीही अर्धवट आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक 1968 मध्येच दिले होते. चित्रांवर आणि खिडक्यांवर चालणारा संगणक झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात घडला. 1979 मध्ये ॲपलची माणसे तो पाहून आली, आणि त्या बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे शेअर विकत घेता आले. जानेवारी 1984 मधल्या मॅकिंटॉशने ही कल्पना सामान्य ग्राहकापर्यंत नेली, हे श्रेय मोठेच आहे. पण ॲपलने 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टवर भरलेला नकलेचा दावा शेवटी टिकला नाही. आणि ज्या एक्सेलशिवाय आपल्याकडची कचेरी चालत नाही, ते 1985 मध्ये सर्वप्रथम मॅकवर आले, विंडोजवर दोन वर्षांनी!

मराठी लिहिणाऱ्यांना सर्वाधिक छळणारा गैरसमज वेगळाच आहे : ‘मॅकवर मराठी नीट दिसत नाही.’ खरा दोष बहुतेकदा जुन्या फाँटचा असतो. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये संगणक आत रोमन अक्षरांचेच संकेतांक साठवतो. फाँट त्यांवर फक्त मराठी अक्षराचे चित्र चढवतो. तो फाँट नसलेल्या कुठल्याही संगणकावर मजकुराचा कचरा दिसतो, मग तो विंडोज का असेना. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक असतो, त्यामुळे मजकूर दोन्हीकडे वाचता येतो. विंडोजवरचा ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आपल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे. देवनागरी फाँट आणि कळफलक मॅकमध्येही मुळातच असतात. तेव्हा दिवाळी अंकाला लेख पाठवताना यंत्राची काळजी सोडा, लेख युनिकोडमध्ये पाठवा.

मॅक महाग असतो, हे खरे. स्वस्तातल्या विंडोज लॅपटॉपच्या किमतीत नवा मॅक मिळत नाही. पण तुलना तितकाच चांगला पडदा, बॅटरी आणि बांधणी असलेल्या विंडोज लॅपटॉपशी केली, तर फरक बराच कमी होतो. मेमरीबद्दल मात्र सावध राहा. ‘मॅकची 8 जीबी म्हणजे विंडोजची 16’ हे मला कधीच पटले नाही. मेमरी भरली की दोन्ही संगणक रखडतात, आणि 2024 मध्ये ॲपलने स्वतःच आपल्या सर्व मॅकची किमान मेमरी 16 जीबी केली. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये मेमरी चिपबरोबरच बसवलेली असल्यामुळे नंतर वाढवता येत नाही. अनेक सडपातळ विंडोज लॅपटॉपचीही हीच गत आहे. ‘आत्ता कमी घेऊ, पुढे वाढवू’ हा हिशेब विकत घेण्याआधीच तपासा.

आणि दुकानात जाण्यापूर्वी रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी कागदावर लिहा. हिशेब टॅलीवर ठेवत असाल किंवा सॉलिडवर्क्सवर यंत्रांचे आराखडे करत असाल, तर ही दोन्ही विंडोजसाठीच बनतात; विंडोजच घ्या. फायनल कट प्रोवर व्हिडिओ संपादन करायचे असेल तर मॅकच घ्यावा लागेल. लेखन, ईमेल, ब्राउझर आणि ऑफिस एवढेच काम असेल, तर दोन्हींवर ते सारखेच होते. मग ज्याची दुरुस्ती तुमच्या गावात होते, तो घ्या.