बूटलोडर उघडताना अडलं, तर नेमकं कुठं अडलं?

आजचा विषय आम्ही झरी जामणी तालुका डोळ्यांसमोर ठेवून निवडला आहे. कपाशीची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर, अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकरवर, बँकेचा ओटीपीही त्याच मोबाइलवर. पुष्कळ घरांत चालू फोन एकच असतो. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली ती २०२१ साली. त्याच वर्षी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत केले होते. रॅम कमी, ॲप जड, फोन तापतो आणि अडकतो, ही त्यांची तक्रार. असा जुना फोन हातात असला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘रूट मारून टाक, नव्यासारखा पळेल.’

पहिली गोष्ट म्हणजे रूट केल्यानं रॅम वाढत नाही. दोन जीबीची दोन जीबीच राहते. कंपनीनं अपडेट बंद केलेल्या फोनवर नवं अँड्रॉइड बसवणं, नको असलेली ॲप्स मुळापासून काढणं, हे मात्र होऊ शकतं. आणि फोन सरकारी असेल तर त्याला हात लावायचा नाही. तो आपल्या मालकीचा नाही.

आता बूटलोडर म्हणजे काय ते पाहू. फोनचं बटण दाबलं की अँड्रॉइडच्या आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, तो बूटलोडर. जिनिंगच्या फाटकावरचा चौकीदार जसा पावती पाहून गाडी आत सोडतो, तसा हा कंपनीची डिजिटल सही तपासूनच सिस्टिम चालू करतो. कुलूप उघडणं म्हणजे ‘सही नसली तरी चालू कर’ असं त्याला सांगणं. रूट ही त्याच्या पुढची पायरी. त्यात चालू सिस्टिमवर मालकाचे पूर्ण अधिकार मिळतात. लोक या दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

कुलूप उघडलं की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हा बिघाड नाही, ती मुद्दाम केलेली सोय आहे. नाहीतर चोरानं कुलूप उघडून तुमचे फोटो आणि मेसेज वाचले असते. म्हणून फोटो, संपर्क, व्हॉट्सॲप यांची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवा. गुगल खात्याचा पासवर्ड लक्षात आहे ना, तेही बघा. पुसल्यानंतर फोन तोच विचारू शकतो.

दुसरी तयारी म्हणजे मॉडेल नंबर आणि बिल्ड नंबर कागदावर लिहून घेणं. मग आपल्या कंपनीची रीत काय ते पाहायचं. गुगल पिक्सेलमध्ये बहुतेक वेळा सेटिंगमधून परवानगी मिळते. मोटोरोला आपल्या संकेतस्थळावरून कोड देते, पण सगळ्या मॉडेलांना नाही. शाओमीत खातं जोडून वाट पाहावी लागते, कित्येक फोनवर १६८ तास, म्हणजे पूर्ण सात दिवस. हुआवेनं २०१८ साली कोड देणंच थांबवलं. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसतं, तिथं डाउनलोड मोड असतो. कंपनीच परवानगी देत नसेल तर पुढची खटपट करण्यात अर्थ नाही.

समजा परवानगी आहे. आता कुठं कुठं अडतं ते क्रमानं घेऊ.

पहिली जागा सेटिंगमधली. बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’ आणि ‘यूएसबी डिबगिंग’ चालू करायचं. ओईएम अनलॉकिंग पुसट दिसत असेल आणि दाबलं जात नसेल, तर फोन इंटरनेटला जोडून पाहा. काही फोनमध्ये नव्या सेटअपनंतर काही दिवस थांबावं लागतं. सिमकंपनीनं बांधून दिलेला फोन असेल, तर तो पर्याय बहुधा उघडत नाही.

दुसरी जागा केबलची. बाजारातल्या कितीतरी स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात, त्यातून डेटा जातच नाही. कॉम्प्युटरवर ‘एडीबी डिव्हायसेस’ ही आज्ञा दिल्यावर यादी रिकामी आली, तर आधी केबल बदला. यादीत फोन आला पण पुढं ‘अनऑथराइज्ड’ लिहिलं असेल, तर फोनच्या स्क्रीनवर परवानगीची खिडकी आलेली असते. ती मान्य केली की काम झालं.

तिसरी जागा सगळ्यात फसवी. एडीबीत फोन दिसतो, फास्टबूटमध्ये गेला की गायब होतो, आणि कॉम्प्युटर ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ म्हणत बसतो. लोकांना वाटतं फोन मेला. तसं नसतं. विंडोजला फास्टबूटसाठी ड्रायव्हर वेगळा लागू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसली की तिथूनच तो बसवायचा. तरी जमेना तर यूएसबी २ चा पोर्ट वापरून पाहा. काही कॉम्प्युटरवर यूएसबी ३ च्या पोर्टवर फास्टबूट अडखळतं.

चौथी जागा आज्ञेची. नव्या फोनवर बहुधा ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’, जुन्यांवर ‘फास्टबूट ओईएम अनलॉक’. ‘नॉट अलाउड’ असं उत्तर आलं की पहिल्या पायरीवर परत जायचं, ते बटण चालू राहिलेलं नसतं. ‘अननोन कमांड’ आलं की आज्ञा त्या फोनची नाही. आज्ञा मान्य झाल्यावर फोनच्या स्क्रीनवर प्रश्न येतो आणि आवाजाच्या बटणानं ‘हो’ निवडावं लागतं. तिकडं लक्षच गेलं नाही तर फोन तसाच वाट पाहत राहतो.

पाचवी जागा रूटची. मॅजिस्क हे साधन फोनची बूट फाइल घेऊन तिच्यात बदल करून देतं. ही फाइल तुमच्या फोनच्या नेमक्या त्याच बिल्ड नंबरची हवी, म्हणून तर तो आधी कागदावर लिहायचा. ज्या फोनवर मुळातच अँड्रॉइड १३ किंवा पुढचं आलं, त्यांपैकी बहुतेकांत ‘बूट’ऐवजी ‘इनिट बूट’ ही फाइल लागते. चुकीची फाइल गेली की फोन कंपनीच्या चिन्हापाशी फिरत राहतो. घाबरू नका. फास्टबूट उघडत असेल तर मूळ, न बदललेली फाइल परत टाकली की फोन बहुतेक वेळा उठतो. मूळ फाइल सांभाळून ठेवा असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो ते यासाठीच.

दोन गोष्टी मात्र करू नका. बदललेली सिस्टिम आत असताना कुलूप परत लावू नका. चौकीदार पुन्हा सही मागेल, ती मिळणार नाही, आणि फोन कायमचा अडकू शकतो. दुसरं, जुनी फर्मवेअर आंधळेपणानं टाकू नका. काही फोन मागच्या आवृत्तीवर जाऊच देत नाहीत, जबरदस्ती केली तर पूर्ण बंद पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुलूप उघडलेला फोन गुगलच्या तपासणीत वेगळा दिसतो. त्यामुळं बँकेची आणि यूपीआयची ॲप्स चालायला नकार देऊ शकतात. सॅमसंगमध्ये परकी फाइल टाकली की नॉक्सचा फ्यूज उडतो, आणि तो परत बसवता येत नाही. रूटचा अधिकार चुकीच्या ॲपला दिला तर ते ॲप फोनमधलं सगळं वाचू शकतं. ‘एका क्लिकमध्ये रूट’ म्हणणारी फुकटची साधनं, किंवा स्क्रीन शेअर करायला सांगून ‘आम्ही करून देतो’ म्हणणारा फोनवरचा माणूस, या दोघांपासून लांबच राहा.

म्हणून आमचं सांगणं असं. घरात एकच चालू फोन असेल आणि पीक पाहणी, पैसे, ओटीपी सगळं त्यावरच असेल, तर त्याचं कुलूप उघडू नका. आधी फोटो आणि व्हिडिओ हलवून जागा मोकळी करा, नको ती ॲप्स काढा, तरी भागलं नाही तर डेटाची प्रत काढून फॅक्टरी रीसेट करा. एवढ्यानंही बऱ्याचदा काम भागतं. शिकायचंच असेल तर कपाटात पडलेला, बिल असलेला, स्वतःचा जुना फोन घ्या. तो बिघडला तरी कुणाच्या पिकाची नोंद राहणार नाही. आणि अडलं की पुढची आज्ञा देण्याआधी स्क्रीनवर आलेली ओळ शब्दन्‌शब्द लिहून घ्या. फोन कुठं अडला ते बहुतेक वेळा त्या ओळीतच असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. विचारताना मॉडेल नंबर आणि ती ओळ आधी सांगा.