गहाणकर्जातील गुंतवणूक व धारकाचे स्वरूप : दिघ्याच्या निमित्ताने

गहाणाने सुरक्षित झालेले कर्ज ही विकत घेता येण्याजोगी मालमत्ता होय. ती स्वतःच्या नावे धारण करावी, भागीदारीच्या, की कंपनीच्या, हा प्रश्न नव्या गुंतवणूकदारापुढे प्रथमच उभा राहतो.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात स्थावर गहाणाने सुरक्षित कर्ज हे 'वादयोग्य हक्का'च्या व्याख्येतून वगळले आहे. यास्तव ते हुंडीप्रमाणे सहीने हस्तांतरित होत नाही. त्यास नोंदणीकृत दस्त लागतो. गहाण दीर्घकाळ चालते. धारक व्यक्ती मध्येच निवर्तल्यास वारसाचा प्रश्न येतो. १९३२ च्या अधिनियमाप्रमाणे, विरुद्ध करार नसल्यास, भागीदाराच्या मृत्यूने पेढीच विसर्जित होते. शिवाय प्रत्येक भागीदाराचे दायित्व अमर्याद असते. २००८ च्या अधिनियमाखालील मर्यादित दायित्वाच्या भागीदारीस अखंड अस्तित्व लाभते, पण बिगर-बँक वित्तसंस्था म्हणून तिची रिझर्व बँकेकडे नोंदणी होत नाही. तेथे कंपनीच हवी. स्वतः कर्ज देण्याचा धंदा करणाऱ्या व्यक्तीस वा पेढीस महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाचा परवाना आवश्यक आहे.

बँकांची थकित कर्जे २००२ च्या अधिनियमाखाली मालमत्ता पुनर्रचना कंपन्या घेतात. त्यांस ३०० कोटी रुपयांचा स्वनिधी लागतो. सामान्य व्यक्तीस तो मार्ग बंदच आहे. न्यासाच्या द्वारे कर्जसमूहांवर निघणाऱ्या प्रमाणपत्रांसाठीही २०२१ च्या निर्देशांनी किमान १ कोटीची मर्यादा घातली आहे.

तथापि स्वरूपाची निवड हा दुय्यम प्रश्न होय, हे नवी मुंबईतील दिघ्याने दाखविले. येथील अनेक इमारती औद्योगिक विकास महामंडळ व सिडको यांच्या जमिनींवर अनधिकृतपणे उभ्या राहिल्या होत्या. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी आयुष्याची पुंजी ओतून तेथे घर घेतले, त्यांच्यावर बेघर होण्याचा प्रसंग आला. अशा घरावर कोणी कर्ज दिले असते, तर त्याचे तारण इमारतीबरोबरच कोसळले असते. ऋणकोवरचा वैयक्तिक दावा उरला असता. परंतु ज्याचे छप्परच गेले, त्याच्याकडून वसुली ती काय व्हावी?

मर्यादित दायित्व धारकाच्या इतर मालमत्तेचे रक्षण करते. सदोष हक्कातून ते तारण निर्माण करू शकत नाही. म्हणून अभ्यासकाने व गुंतवणूकदाराने प्रथम भूमीचा हक्क, भाडेपट्टा व बांधकामाची परवानगी तपासावी. धारकाचे स्वरूप त्यानंतर ठरवावे.